घरच्या घरी

जालन्यात जुन्या गाडीपुढं दोनच वाटा असतात. एक भंगारवाल्याकडून स्टीलच्या कारखान्यातल्या भट्टीत जाते आणि सळई होऊन कुणाच्या तरी स्लॅबमध्ये संपते. दुसरी मामांच्या दारात येते. ती संपत नाही.

असे मामा नव्या जालन्यात आहेत, जुन्या जालन्यात आहेत, शोधलं तर अंबड-परतूरलाही सापडतील. नोकरीतून सुटलेले, पोरं पुण्याला, शर्टाच्या खिशात टेस्टर आणि तोंडी एकच वाक्य: ‘‘त्याला काय लागतंय, घरच्या घरी होतंय की!’’ गल्लीतले कूलर दुरुस्त करून संपले की अशा माणसाचं काय करायचं हा प्रश्नच असतो. मामांपुरता तो शासनानं सोडवला. 2021 मध्ये महाराष्ट्राचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण आलं. मामांनी पेपरातलं कात्रण जपून ठेवलं. त्यातून त्यांनी अर्थ काढला तो एवढाच, की आपण मॅटाडोर घ्यावी अशी शासनाची इच्छा आहे.

घेतली. भंगाराच्या काट्यावर चढायच्या बेतात होती, तिथून सोडवून आणली. मेकॅनिक म्हणाला, ‘‘मामा, बजाज टेम्पोची हाय ही. त्या कंपनीचं नाव बदलून फोर्स मोटर्स झालं, त्यालाबी जमाना झाला. पार्ट कुठून आणू?’’ मामा म्हणाले, ‘‘पार्ट काहून लागतेत? चालवायची कुणाला हाय आत्ताच? आधी रंग देऊ.’’

रंग मामांकडं होताच. अशा माणसाच्या घरात रंगाचा डबा कधी संपत नाही, तळाशी चार बोटं उरतोच. देवघराचा भगवा, लेकीच्या लग्नातला मोरपिशी, ग्रिलचा चॉकलेटी, समोरच्या दुकानाच्या शटरचा निळा, पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेला लाल. पेंटरनं चार पावलांवरून सांगून पाहिलं, की गंज पत्रा उघडा पडेपर्यंत घासा, रेडऑक्साइड मारा, मग लांबी भरा, वॉटर पेपर फिरवा आणि मगच रंग. मामांनी मान डोलावली आणि भगव्याच्या डब्यात ब्रश बुडवला. पहिल्या पावसात दाराला फुगे आले, कारण आतल्या गंजाला वरून ऑइल पेंट दिल्याचं कुणी कळवलं नव्हतं. मग त्यांनी कुठून तरी स्प्रेगन आणली आणि त्याच ऑइल पेंटवर एन.सी.चा हात मारला. खालचा रंग उचलला गेला, सबंध दार सुरकुतलं. पेंटरनं कपाळाला हात लावला. मामा लांब उभे राहून डोळे बारीक करत म्हणाले, ‘‘टेक्श्चर आलंय.’’

मागच्या बाजूला झोकदार अक्षरात ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिलं. भाच्यानं सांगितलं, महाराष्ट्रात यावर 2015 पासून बंदी आहे. मामा कायद्याला मानणारे. मधल्या ‘ओके’वर निळा रंग फिरवला. उन्हाळ्यात निळ्याचे पापुद्रे गेले आणि ‘ओके’ पुन्हा वर आलं, आधीपेक्षा ठळक.

आतला थाट पाहण्यासारखा आहे. मामींच्या जुन्या पातळाचे पडदे, पलंगाच्या फळ्यांचा ओटा, त्यावर एका बर्नरची शेगडी. हे बियाण्यांचं गाव, म्हणून बसायच्या गाद्यांची कव्हरं बियाण्याच्या पिशव्या उसवून शिवलेली. तीनदा धुतल्यात असं मामा शपथेवर सांगतात. पण छपाई पक्की. त्यामुळं शेगडीशेजारी पोहे खायला बसलं, की मांडीखालून वाचायला मिळतं: ‘विष. खाण्यासाठी वापरू नये.’

मामी दारातून म्हणतात, ‘‘गाडीत ओटा झाला, गाडीत बेसिन झालं. घरातल्या बेसिनचा नळ दिवाळीपासून गळू लागलाय, त्याच्याकडं बघा म्हणावं जरा!’’ मामांना हे ऐकू येत नाही, तेव्हाच नेमकं ग्राइंडर चालू असतं.

गाडी गावाबाहेर पडली ती अंगारकीला, राजूरच्या गणपतीला. राजूरला गर्दी होतीच, तीतली बरीचशी गणपतीकडची वाट चुकून मॅटाडोरभोवती आली. कुणाला वाटलं निवडणूक लागली, कुणाला वाटलं आइस्क्रीम आलं. एक आजी बाही सरकवून समोर उभ्या राहिल्या, ‘‘बीपी बघता काय हो इथं?’’ मामांनी त्यांना आत बसवलं, पंखा लावला, पडदा ओढून दाखवला, ओट्याखालचा कप्पा उघडून दाखवला. आजींचं बीपी काही पाहिलं नाही, पण त्या खूश होऊन उतरल्या. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातूनच जातो, तिकडून शिर्डीला चला असं भाचा म्हणाला तर मामांनी साफ नाही म्हटलं. तिथं सगळे सुसाट. वळून बघणारं कोण?

आता नोंदणीच्या नूतनीकरणाची वेळ आली. कागदपत्रं करून देणारा एजंट गाडी पाहून बराच वेळ गप्प होता.

‘‘मामा, आर.सी. बुकात रंग पांढरा हाय.’’

‘‘होता.’’

‘‘आता कोणता लिहू?’’

मामांनी बोटांवर मोजत भगव्यापासून सुरुवात केली. मोरपिशी झाला, चॉकलेटी झाला. निळ्यापाशी एजंटनं पेन खाली ठेवलं. ‘‘एवढे बसत नाहीत हो. असं करा, सगळी घासून काढा, एकच कोणता तरी रंग द्या, मग या.’’

आम्हाला वाटलं, मामा आता भांडणार. त्यांचा चेहरा मात्र उजळला होता.

‘‘सगळी? पार पत्र्यापर्यंत?’’

‘‘पार पत्र्यापर्यंत.’’

मामांनी तिथूनच भाच्याला फोन लावला. येताना वॉटर पेपर आण, दोनशे नंबरचा, डझनभर. आणि मामीला आत्ताच काही बोलू नकोस.