चाळिशीत आत्मविश्वास कसा गमवावा : नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

पात्रता

आत्मविश्वास गमावणं वाटतं तितकं सोपं नाही. ज्याच्याकडे तो मुळातच नाही त्याला गमावता येत नाही, आणि ज्याला वडिलोपार्जित मिळालाय त्याचा जाता जात नाही. खरा लायक उमेदवार म्हणजे ज्याने दहा-पंधरा वर्षं बोलणी खात, रात्रपाळ्या करत तो स्वतः कमावला, आणि मग बरं चाललेलं असताना क्षेत्र बदललं.

ही मार्गदर्शिका चाकण-भोसरीच्या एखाद्या कारखान्यातल्या क्वालिटी विभागातून हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगला आलेला माणूस समोर ठेवून लिहिली आहे, कारण ही जमात लेखकाच्या चांगल्या परिचयाची आहे. बँक सोडून शाळेत शिकवायला गेलेल्यांनी, वर्तमानपत्र सोडून जाहिरात कंपनीत शिरलेल्यांनी आपापल्या सोयीने नावं बदलून घ्यावीत. कृती तीच.

पूर्वतयारी

नोकरी पाच वर्षांहून जास्त झालेली असल्यामुळे सोडताना ग्रॅच्युइटी मिळते. दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, असा तिचा साधारण हिशेब. ही रक्कम टेस्टिंगच्या कोर्सला आणि मधल्या बिनपगारी महिन्यांना घालवावी. पुढे ऑफिसात काही चुकलं की ‘याच्यासाठी चौदा वर्षांची ग्रॅच्युइटी घातली’ असं मनात म्हणता येतं. रात्री दोन वाजता या वाक्याला तोड नाही.

नव्या नोकरीत हुद्दा दोन पायऱ्या खालचा घ्यावा. पगारही. याची पुरेशी लाज वाटत नसेल तर नात्यातलं एखादं लग्न गाठावं. जेवायला शेजारी बसलेले मामा ‘सध्या कुठं?’ विचारतात. ‘हिंजवडीला’ म्हटलं की ते खूश होतात आणि लगेच पॅकेज विचारतात. इथे उत्तर न देता भाताकडे बघावं. मामांना आकडा कळतो.

पहिला महिना

नव्या जागी माणसाला दोन गोष्टी येत नसतात. एक काम, आणि दुसरी ती जागा: व्हीपीएन कुठून लावायचा, कुठल्या ग्रुपवर काय लिहायचं आणि कुठल्या ग्रुपवर नुसता अंगठा दाखवायचा, रजा लीडला विचारायची की मॅनेजरला, मीटिंग रूम बुक केलेली असूनही आत दुसरेच बसले असतील तर काय करायचं. जागा काही आठवड्यांत आपोआप कळते, तिला हुशारी लागत नाही. यशस्वी उमेदवार या दोन्हींची बेमालूम सरमिसळ करतो. पासवर्ड रिसेट करता आला नाही की त्याने ताबडतोब ‘हे क्षेत्र आपल्याला झेपणारं नाही’ असा निष्कर्ष काढावा.

चाकणलाही पहिल्या महिन्यात गेज रूमची किल्ली कुणाकडे असते ते माहीत नव्हतं, आणि स्टोअरवाल्याला जेवणाच्या सुट्टीत काही मागायचं नसतं हे शिव्या खाऊनच कळलं होतं. हे आठवू देऊ नये.

तुलनेसाठी शेजारचा पंचवीस वर्षांचा मुलगा निवडावा, जो कीबोर्डकडे न बघता टाइप करतो. त्याच्या बोटांचा वेग आणि आपल्या बोटांचा वेग एवढंच मोजावं. त्याच्या स्क्रीनकडे मात्र पाहू नये. तोही दर दहा मिनिटांनी तेच प्रश्न गूगलला विचारत असतो, जे तुम्हाला विचारायची लाज वाटते.

स्टँडअप

रोज सकाळी पंधरा मिनिटं सगळ्यांनी सांगायचं असतं: काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय. अडचण विचारली की ‘नाही, नाही, सगळं ठीक’ म्हणावं. मग ती अडचण डेस्कवर नेऊन संध्याकाळपर्यंत एकट्याने कुरवाळावी. बोलायची वेळ आलीच तर सुरुवात अशी: ‘माझा प्रश्न कदाचित बावळट असेल, पण…’ लोक उदार असतात, तुमच्या शब्दावर विश्वास ठेवतात.

इथे थोडा इतिहास द्यावा लागतो. वाचून विसरून जावा, नाहीतर पुढची सगळी मेहनत पाण्यात जाईल. तुमचा टीम लीड सत्तावीस वर्षांचा आहे आणि पांढऱ्या फळ्यावर तीन रकाने आखून तो तुम्हाला कानबान समजावून सांगतोय. तुम्ही चाकणला वर्षानुवर्षं बिनवर कानबान कार्ड नसेल तर माल पुढे सोडत नव्हता. ही पद्धत टोयोटाच्या कारखान्यात ताईची ओनो यांनी बसवली. सॉफ्टवेअरवाल्यांनी ती पन्नासेक वर्षांनी उचलली. ज्या ‘स्क्रम’च्या नावाने ही सकाळची सभा भरते, त्याचं मूळ ताकेउची आणि नोनाका यांनी १९८६ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूत लिहिलेल्या लेखात आहे. त्यातली उदाहरणं होंडाची मोटार, फूजी-झेरॉक्सचा कॉपियर अशी, हाताला लागणाऱ्या वस्तूंची होती. महिन्याअखेरच्या रेट्रोमध्ये ‘पाच वेळा का विचारा’ म्हणतात, तेही टोयोटाकडूनच आलेलं. ग्राहकाची तक्रार आली की ते पाच ‘का’ तुम्ही जेवण टाकून भरलेले आहेत.

म्हणजे तुम्ही परक्या घरी आलेले नाही, फक्त भिंतींचा रंग बदललाय. पण लीड शिकवत असताना हे बोलू नये. वहीत ‘कानबान (नवीन)’ असं लिहून खाली दोन रेघा ओढाव्यात.

साहेब

वरच्या सगळ्या कृती चांगल्या ऑफिसातही करता येतात, पण वेळ लागतो. काम लवकर व्हायचं असेल तर लीड नीट निवडून मिळायला हवा.

उत्तम लीड काम तोंडी सांगतो आणि चूक लेखी काढतो. शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला ‘एक छोटंसं बघून घ्या ना’ म्हणतो. मीटिंगचं आमंत्रण सगळ्यांना पाठवतो, तुमचं राहून जातं, आणि दुसऱ्या दिवशी ‘तुम्ही कालच्या कॉलला नव्हता?’ असं चारचौघांत विचारतो. मेलची सुरुवात ‘आधी सांगितल्याप्रमाणे’ अशी असते आणि सीसीमध्ये त्याचा साहेब असतो. वर तुम्हाला ‘काका’ म्हणतो. प्रेमाने म्हणतो, असं एचआरचं मत आहे.

एचआरकडे जरूर जावं. त्यांचं दार सदैव उघडं असतं. ते काचेचं असल्यामुळे तुम्ही आत बसलेले सगळ्या मजल्याला दिसता, एवढीच खबरदारी घ्यावी.

या परिस्थितीत उमेदवाराने एकच गोष्ट करायची: जे घडतंय ते आपल्या कमतरतेमुळे, असं मानायचं. त्यासाठी काही प्रश्न मनात येता कामा नयेत. तुमच्या मॉनिटरच्या कडेला आधीच्या माणसाच्या हस्ताक्षरातल्या पिवळ्या चिठ्ठ्या अजून चिकटलेल्या आहेत. तो कधी गेला? का गेला? त्याच्या आधी कोण होतं? टीममधलं सगळ्यात जुनं माणूस किती जुनं आहे? हे विचारलं की कळतं, खुर्ची माणसं बदलत राहते आणि लीड तोच राहतो. मग दोष स्वतःकडे घेणं अवघड होऊन बसतं.

वाचनाची आवड असेल तर या विषयावर अर्धंच वाचा. पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स यांनी १९७८ मध्ये कर्तबगार स्त्रियांच्या निरीक्षणावरून लिहिलं, की भरपूर पात्रता असूनही काहींना आपण तोतये आहोत, एक दिवस उघडे पडू, असं वाटत राहतं. हे वाचून ‘हो, हेच मला झालंय’ म्हणावं आणि वाचन तिथेच थांबवावं. २०२१ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूत रुचिका तुलश्यान आणि जोडी-ॲन बरी यांनी लिहिलेल्या लेखापर्यंत जाऊ नये. बायकांना हा आजार असल्याचं सांगणं थांबवा आणि आधी त्या जिथे काम करतात त्या जागा दुरुस्त करा, असं काहीतरी त्या म्हणतात. पुरुषांनीही हे वाचलं तर त्यांच्या डोक्यात तेच येईल. लीडच्या दृष्टीने हा लेख घातक आहे.

तिकीट

प्रत्येक उमेदवाराच्या वाट्याला एक तरी तिकीट, म्हणजे सापडलेल्या दोषाची नोंद, असं येतं, ज्यात तो जिंकण्याचा धोका असतो. ते नीट हाताळावं.

समजा, टीम एका कारखान्यासाठी उत्पादन नोंदवायचं सॉफ्टवेअर बनवतेय. तुम्ही तपासताना पाहता, की रात्री बारा वाजले की तारीख बदलते आणि पुढचा माल नव्या तारखेत पडतो. ज्याने रात्रपाळी केली आहे त्याला हे बघून खुदकन हसू येतं. कारखान्याचा दिवस सकाळी सातला उजाडतो आणि दुसऱ्या सकाळी सातला मावळतो. तिसरी पाळी रात्री अकराला लागते, तिचे आठातले सात तास बारानंतरचे, पण तिचा माल सुपरवायझर आदल्या दिवसाच्या रजिस्टरमध्येच लिहितो. नाहीतर पाळीचा आकडा दोन तारखांत फाटतो. मग सकाळच्या मीटिंगमध्ये प्लँट हेडच्या पुढ्यात कुणालातरी उभं राहून तो शिवावा लागतो.

तुम्ही तिकीट टाकता. दुपारपर्यंत ते बंद होतं: ‘ॲज डिझाइन्ड’. शेरा असा: ‘काका, डेट बाराला बदलते. बेसिक आहे.’ खाली तीन हसरे चेहरे.

इथे उमेदवाराची खरी परीक्षा असते. तुम्हाला उत्तर माहीत आहे. त्या अख्ख्या मजल्यावर फक्त तुम्हालाच माहीत आहे. म्हणूनच गप्प बसावं. आपल्याला ‘लॉजिक’ कळत नाही, आपण जुन्या जगातले, असं स्वतःला दोनदा सांगावं. तिकीट पुन्हा उघडू नये. तिसऱ्या पाळीच्या रजिस्टरचं एक पान काढून जोडणं, किंवा ‘क्लायंटचा उत्पादन-दिवस किती वाजता सुरू होतो, हे त्यांना विचारून घ्यावं’ असं एक ओळीचं टिपण खाली टाकणं, हे तर कटाक्षाने टाळावं. इतक्या साध्या ओळीमुळे उमेदवारांचे सहा-सहा महिन्यांचे कष्ट वाया गेलेले आहेत.

रिलीजच्या आठवड्यात सापडलेल्या दोषांचा आकडा लीडला कमी हवा असतो; कमी आकडा म्हणजे चांगलं काम, असा त्याचा हिशेब. एमी एडमंडसन यांनी इस्पितळांमधल्या औषधांच्या चुकांवर १९९६ मध्ये लिहिलं, की ज्या तुकड्या चांगल्या चालत होत्या तिथे नोंदलेल्या चुका जास्त निघाल्या, कारण तिथे माणसं चूक सांगायला घाबरत नव्हती. तुम्हाला यासाठी इस्पितळापर्यंत जायची गरज नव्हती. एखाद्या लाइनवर महिनाभर रिजेक्शन शून्य दिसलं, की तुम्ही आधी गेज कॅलिब्रेशनला पाठवत होता. पण ते जुन्या जगातलं.

घरी

घरी काही सांगू नये. ‘कसा गेला दिवस?’ ‘ट्रॅफिक होतं.’ हिंजवडीच्या बाबतीत हे कधीच खोटं पडत नाही.

बिघाड आणि उपाय

एवढं करूनही आत्मविश्वास शिल्लक राहत असेल तर पुढील गोष्टी चालू आहेत का ते तपासावं आणि बंद कराव्यात.

तोंडी सांगितलेलं काम संध्याकाळी दोन ओळींच्या मेलने परत पाठवून ‘असंच ना?’ विचारणं. ही सवय लीडला फार लागते. लागते म्हणजे टोचते.

त्या टाइप करणाऱ्या मुलाबरोबर डबा खाणं. एकदा पोळी-भाजीची देवाणघेवाण झाली की तो क्वेरी कशी लिहायची ते दाखवतो, आणि तुम्ही त्याला नुसत्या दिसण्यावरून कुठला आकडा खोटा आहे ते दाखवता. ही देवाणघेवाण फोफावते.

दुसरीकडे अर्ज करणं. नोटीस पिरियड तीन महिन्यांचा आहे, आता कुठे, या वयात कोण घेणार, वगैरे कारणं हाताशी ठेवावीत. एखाद्या मुलाखतीला चुकून गेलात आणि समोरच्याने ‘तुम्ही शॉप फ्लोअर पाहिलाय, आम्हाला तसाच माणूस हवाय’ म्हटलं, तर तो सभ्यपणा समजावा.

जुन्या प्लँटमधल्या मित्राचा फोन घेणं. तो रात्रपाळीतून फोन करतो, मागे प्रेसचा आवाज असतो. एखादा पार्ट मापात बसत नाहीये म्हणून सांगतो, आणि तुम्ही वडगावच्या रस्त्यावर गाडी बाजूला घेऊन पाच मिनिटांत फिक्श्चर कुठे झिजलंय ते सांगता. नंतर अर्धा तास बरं वाटतं. हा अर्धा तास धोक्याचा.

सगळ्यात गंभीर बिघाड रिलीजनंतर होतो. क्लायंटकडून एस्कलेशन येतं: तिसऱ्या पाळीचा माल उद्याच्या तारखेत दिसतोय, रोजचा आकडा रजिस्टरशी जुळत नाही, प्लँट हेडने सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा वही काढायला सांगितली आहे. कॉलवर मॅनेजर आहे, मॅनेजरचा मॅनेजर आहे. कुणीतरी विचारतं, टेस्टिंगमध्ये हे सापडलं नव्हतं का?

लीड तुमच्या खुर्चीपाशी येतो. या खेपेला ‘काका’ म्हणत नाही. ‘सर, ते तुमचं तारखेचं तिकीट होतं ना, त्याचा नंबर काय हो?’

नंबर पाठ असला तरी ‘बघून सांगतो’ म्हणावं, आणि आधी जेवून यावं.