खोटी दाढी उतरवा

शाळेचं गॅदरिंग असो, गणेशोत्सवातला विविधगुणदर्शनाचा कार्यक्रम असो, नाहीतर टीव्हीवरचा विनोदी शो असो, सरदारजी उभा करायची रीत ठरलेली आहे. काळी दाढी दोऱ्याने कानाला अडकवायची, ओढणीची पगडी गुंडाळायची, "ओये" म्हणून ओरडायचं आणि एखादा मूर्खपणा करायचा. प्रेक्षक हसतात. विनोद चांगला असतो म्हणून हसतात असं नाही, सरदारजी दिसला की हसायचं ही सवय लागलेली असते म्हणून हसतात. ही सवय वाईट आहे.

शिरूर-दौंडच्या वाचकांना शीख माणूस काही परका नाही. पुण्याहून जम्मूकडे जाणारी झेलम एक्सप्रेस दौंडवरून नगर-मनमाडकडे जाते. सुट्टीवर निघालेले आणि सुट्टी संपवून परतणारे पंजाबी जवान त्या गाडीत दिसतात. रणगाडे चालवायला शिकवणारं लष्कराचं मोठं केंद्र नगरला, म्हणजे शिरूरहून घोड नदी ओलांडली की पुढे. रांजणगावच्या कारखान्यांचा माल देशभर नेणाऱ्या ट्रकांत पंजाबचे ट्रक असतात. नांदेड-पनवेल गाडीही दौंडवरूनच जाते, आणि हुजूर साहिबच्या दर्शनाला जाणारे शीख यात्रेकरू तिच्यात असतात. एवढी वर्षं ही माणसं आपल्या रस्त्यावर, फलाटावर, ढाब्यावर भेटत आली. तरीही आपल्या रंगमंचावर त्यांचं एकच रूप येतं, बावळटाचं.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात शीख होते सव्वादोन लाखांहून थोडे कमी. हजारात दोन. तालुक्याच्या शाळेत या आकड्याचा अर्थ काय होतो ते बघा. डोक्यावर पटका बांधलेला मुलगा वर्गात असलाच, तर तो एकटाच असतो. पुणेकरांवर विनोद झाला तर शेजारचा पुणेकर उलट टोला हाणतो. नागपूरकर, कोकणी माणूस, कोल्हापूरकर, सगळे हाणतात, आणि त्यातच त्या विनोदाची गंमत असते. त्या एकट्या मुलाने कुणाला आणि काय उत्तर द्यायचं? दुपारी घड्याळात बारा वाजले की, सरदारजींवरच्या त्या जुन्या चुटक्यामुळे, सगळा वर्ग मान वळवून त्याच्याकडे बघतो. मुलांना हे कुणी शिकवलं? टीव्हीने, रेडिओने, मोबाइलवर पुढे ढकललेल्या चुटक्यांनी. आणि गॅदरिंगला पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवणाऱ्या आपण मोठ्यांनी.

२०१५ मध्ये हरविंदर चौधरी या वकील बाई संता-बंताच्या चुटक्यांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या. आपल्या मुलांना सिंग आणि कौर ही नावं लावायची लाज वाटू लागली आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या वेळी पुष्कळांनी त्या याचिकेचीच टिंगल केली. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. आईबापांनी दिलेलं नाव मुलाला ओझं वाटावं, याहून जड तक्रार कोणती असते? न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं की नागरिकांनी कसं वागावं याचे नैतिक नियम न्यायालय घालून देऊ शकत नाही. ते बरोबरच आहे. चुटक्यांवर पहारा ठेवणं हे न्यायालयाचं काम नव्हे. मग ती जबाबदारी येते चुटका सांगणाऱ्यावर, तो प्रसारित करणाऱ्यावर आणि ऐकणाऱ्यावर.

यावर एक उत्तर हमखास मिळतं: सरदार स्वतःच स्वतःवर विनोद करतात, खुशवंत सिंगांनी तर चुटक्यांची पुस्तकं काढली. काढली, खरं आहे. घरातला माणूस घरातल्यांची थट्टा करतो तेव्हा त्या घराचं बरंवाईट त्यालाही भोगायचं असतं. बाहेरच्या माणसाला काहीच भोगावं लागत नाही. आणि घरातल्यांनाही सगळं माफ असतं असं नाही. विनोदी कलाकार भारती सिंग अमृतसरची. दाढी-मिशीवरचा तिचा एक जुना विनोद मे २०२२ मध्ये समाजमाध्यमांवर फिरला. शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीने तक्रार केली, गुन्हा नोंदला गेला आणि भारतीने हात जोडून माफी मागितली. शिखांसाठी केस न कापणं ही श्रद्धा आहे. त्या केसांसाठी अमेरिकेत माणसांनी जीव गमावला आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर चारच दिवसांनी ॲरिझोनात बलबीर सिंग सोढी यांना पेट्रोल पंपावर गोळी घातली गेली, ती पगडी आणि दाढी पाहूनच. पगडीवाल्याकडे माणूस म्हणून न पाहण्याची सवय गोळीपाशी सुरू होत नाही, तिची सुरुवात फार आधी होते.

मग शिखांवर विनोद करायचाच नाही का? जरूर करावा. मनमोहन सिंग पंतप्रधान असताना त्यांच्या मौनावर व्यंगचित्रं निघाली, नकला झाल्या. ती टीका एका सत्ताधाऱ्यावर होती आणि लोकशाहीत ती झालीच पाहिजे. त्याच माणसाच्या पगडीवर किंवा बुद्धीवर, केवळ तो शीख आहे म्हणून कोटी केली, तर तो हलकटपणा आहे. हा फरक कळायला फार शिकावं लागत नाही.

दूरदर्शनवर १९८९ मध्ये 'फ्लॉप शो' लागायचा. ज्यांनी तो पाहिला त्यांना जसपाल भट्टी आठवत असतील. पगडीवाला माणूस, शांत चेहरा. नोकरशाही, ठेकेदार, डॉक्टर, मुख्य पाहुण्यांच्या मागे धावणारे आयोजक, सगळ्यांना त्यांनी सोलून काढलं. पगडी त्यांच्या डोक्यावर प्रत्येक भागात होती, पण विनोद तिच्यावर कधी बेतलेला नव्हता. सारा देश हसला आणि त्या हसण्याने कुठल्याही मुलाची मान खाली गेली नाही. एवढं उदाहरण समोर असताना आजचे लेखक संता-बंतापाशीच घुटमळतात. याला आळस म्हणतात.

आता आपल्याकडे वळू. हिंदी सिनेमाने मराठी माणसाला वर्षानुवर्षं कामवाली बाई आणि पांडू हवालदार करून ठेवलं, याचा आपल्याला राग आहे. तो रास्त आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये 'बिग बॉस'मधला एक स्पर्धक मराठी ऐकून आपल्याला चीड येते असं बोलला. महाराष्ट्र खवळला आणि वाहिनीने थेट मुख्यमंत्र्यांना माफीचं पत्र पाठवलं. त्याच वर्षी मार्चमध्ये 'तारक मेहता'मध्ये मुंबईची भाषा हिंदी असल्याचं वाक्य आलं, तेव्हा निर्मात्यांनाही माफी मागावी लागली. आपल्या भाषेबद्दलच्या एका वाक्यावर आपण वाहिन्यांना झुकवतो. मग त्याच वाहिन्यांवर एका अख्ख्या समाजाला वर्षानुवर्षं मूर्ख दाखवलं जातं तेव्हा आपण रिमोट हातात घेऊन हसत का बसतो? परदेशात गेलेली आपली मुलं 'द सिम्पसन्स' या अमेरिकी कार्टून मालिकेतल्या अपू या भारतीय पात्राच्या बोलण्याच्या नकलेवर चिडतात. त्या पात्राला आवाज देणाऱ्या नटाने २०२० मध्ये ते काम सोडलं, याचं त्यांना समाधान वाटतं. आपला अपमान कळतो आणि दुसऱ्याचा कळत नाही, हे स्वाभिमानाचं लक्षण नाही.

नामदेवांची एकसष्ट पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत, हे आपण प्रत्येक भाषणात सांगतो. २०१५ मध्ये नामदेवांच्या घुमानला साहित्य संमेलन भरलं, मराठी माणसं पंजाबच्या त्या गावात गेली, लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. परत आल्यावर मात्र आपण संता-बंता पुढे पाठवतच राहिलो.

विनोद निदान उघड असतो. बातमीतला अपमान जास्त खोल जातो, कारण तो खरेपणाचा आव आणतो. शेतकरी आंदोलनाच्या वेळी काही वृत्तवाहिन्यांनी पगडी दिसली की खलिस्तान असा सूर लावला होता. जानेवारी २०२१ मधल्या अशा कार्यक्रमांबद्दल तक्रार झाली, आणि वृत्तवाहिन्यांच्याच स्वनियमन प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२१ मध्ये झी न्यूजवर ठपका ठेवून ते व्हिडिओ काढून टाकायला सांगितलं. पण तोवर दहा महिने उलटले होते. ज्यांच्या मनात जे रुजायचं ते रुजून गेलं होतं.

पुणे जिल्ह्यातली गोष्ट याहून जवळची आहे आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. घरफोडीच्या बातम्यांचे मथळे वाचा. आरोपी शिकलकरी समाजातले असले की मथळ्यातच 'शिकलकरी टोळी' येतं. हे शिकलकरी शीख म्हणजे शस्त्रं घडवणाऱ्या, धार लावणाऱ्या कारागिरांची जमात. गुरूंच्या फौजेला त्यांनी शस्त्रं पुरवली, असा त्यांचा वारसा सांगितला जातो. महाराष्ट्रातले शिकलकरी तुमच्या-माझ्यासारखं मराठी बोलतात, लोखंडकाम करतात, कुलपं-किल्ल्या दुरुस्त करतात. चोरी करणारा चोर आहे, त्याला शिक्षा झालीच पाहिजे. पण मराठा टोळी, ब्राह्मण टोळी, माळी टोळी असा मथळा तुम्ही कधी वाचलाय? त्या जातींत चोर जन्मत नाहीत असं थोडंच आहे! जन्मावरून माणसाला गुन्हेगार ठरवणारा कायदा इंग्रजांनी १८७१ मध्ये आणला आणि स्वतंत्र भारताने १९५२ मध्ये तो रद्द केला. मथळ्यांतून तो अजून चालूच आहे. बदनामी होईल अशा संदर्भात जातीचा उल्लेख टाळावा, असं प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेत स्पष्ट लिहिलेलं आहे. पोलिसांच्या प्रसिद्धिपत्रकात जमातीचं नाव होतं म्हणून छापलं, ही सबब चालणार नाही. प्रसिद्धिपत्रक तसंच्या तसं उतरवायला संपादक कशाला लागतो? मुख्य पानावर शिखांच्या शौर्याचा लेख आणि आतल्या पानावर त्यांच्यातल्याच एका गरीब जमातीच्या कपाळावर चोराचा शिक्का, हा दुटप्पीपणा पुण्यातल्या प्रत्येक संपादकाने उद्याच्या उद्या थांबवावा.

आता उपायाचं. पोलीस ठाण्यात गर्दी करून गुन्हे नोंदवत सुटणं मला पटत नाही. २००७ मध्ये संता-बंताचं चुटक्यांचं पुस्तक दुकानात ठेवलं म्हणून मुंबईत माटुंग्याच्या एका पुस्तकविक्रेत्याला अटक झाली होती. चुटके लिहिणारा बाजूला राहिला आणि विकणारा अडकला. याने कुणाचाच सन्मान वाढला नाही. चित्रपटगृहांवर दगड मारूनही तो वाढत नाही.

सरळ मार्ग कायद्यातच आहे. केबल टेलिव्हिजन नियमांतल्या कार्यक्रम संहितेत धर्मांवर वा समाजांवर हल्ला करणाऱ्या आणि धार्मिक गटांची अवहेलना करणाऱ्या दृश्यांना व शब्दांना मनाई आहे. जाहिरातींनाही वंश, जात, वर्ण, पंथ यांची हेटाळणी करता येत नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर कुणीही प्रेक्षक वाहिनीकडे लेखी तक्रार करू शकतो. वाहिनीने चोवीस तासांत पोच द्यायची आणि पंधरा दिवसांत निर्णय कळवायचा. तो पटला नाही तर पुढच्या पंधरा दिवसांत स्वनियमन संस्थेकडे जायचं, तिला साठ दिवसांची मुदत आहे. त्यानंतर केंद्र सरकार. तालुक्याच्या स्थानिक केबलवरही हीच संहिता लागू आहे, आणि तिथे जिल्हाधिकारी व प्रांत यांना कारवाईचे अधिकार आहेत. तक्रार करायला तुम्ही शीख असण्याची गरज नाही. उलट ती बिगर-शीख मराठी माणसाकडून गेली तर तिचं वजन वाढेल.

अमेरिकेत न्यू जर्सीच्या एका रेडिओ केंद्रावर जुलै २०१८ मध्ये दोन निवेदकांनी राज्याचे महाधिवक्ता गुरबीर ग्रेवाल यांचा उल्लेख 'पगडीवाला' असा केला. केंद्राने दोघांनाही दहा दिवस घरी बसवलं. आपल्याकडच्या एफएमवर सकाळी चुटके सांगणाऱ्यांना एक दिवस तरी कुणी घरी बसवलंय का?

शिरूर आणि दौंडच्या गणेश मंडळांना, शाळांच्या मुख्याध्यापकांना आणि केबलचालकांना माझी विनंती आहे. यंदाच्या कार्यक्रमाची संहिता आधी मागवून वाचा, आणि तिच्यात सरदारजीचं पात्र केवळ मूर्खपणासाठी आणलेलं असेल तर तो प्रवेश काढून टाका. वाचकांनो, टीव्हीवर असं काही दिसलं तर कार्यक्रमाचं नाव, तारीख आणि वेळ टिपून वाहिनीच्या तक्रार अधिकाऱ्याला त्याच दिवशी पत्र लिहा.