सर्व कंपन्यांना चालणारे एकच पत्र

बायोडेटासोबत जोडायचे कव्हर लेटर अवघड असते, असा गैरसमज नव्या पदवीधरांत पसरला आहे. पुढील पद्धतीने ते एकदाच लिहावे. बँकेपासून बेकरीपर्यंत कुठेही चालते.

१. मायना : जाहिरातीखाली मॅनेजरबाईंचे नाव ठळक छापलेले असले तरी ‘रिस्पेक्टेड सर’ असेच लिहावे. नाव घातले की आपण जाहिरात वाचल्याचा पुरावा मागे राहतो.

२. विषय : ‘नोकरीबाबत’ एवढाच. पद लिहू नये. कंपनीने दहा पदे काढली असतील, तर उरलेल्या नवांवर पाणी का सोडा?

३. गुणवर्णन : मेहनती, प्रामाणिक, जिद्दी, टीममध्ये मिसळणारा. हे चारही गुण एका ओळीत बसवावेत. दाखला एकाचाही देऊ नये. गॅदरिंगची वर्गणी तुम्ही गोळा केली आणि दुसऱ्याच दिवशी पावत्यांसकट हिशेब नोटीस बोर्डावर लावला, हे चुकून लिहिलेत तर वाचणाऱ्याचा विश्वास बसेल. मग तो उरलेल्या तिन्ही गुणांचे दाखले मागेल.

४. गरज : हा पत्राचा गाभा. गरज आपली लिहावी, कंपनीची नव्हे. वडील रिटायर झाले, बहिणीचे लग्न ठरले आहे, ऑफिस घरापासून एका बसच्या अंतरावर आहे, हे सविस्तर यावे. इथे लिओनार्दो दा विंची सपशेल चुकला. १४८२च्या सुमारास मिलानच्या लुदोविको स्फोर्झाकडे काम मागण्यासाठी त्याने केलेला मसुदा आजही उपलब्ध आहे. क्रमांक घालून मुद्दे : उचलून नेता येणारे हलके पूल, वेढ्यात खंदकातले पाणी काढण्याची युक्ती, तोफा, झाकलेले रथ. लुदोविकोला काळजी लढायांची, म्हणून याने लढाईचेच सांगितले. चित्रे काढता येतात, ही गोष्ट अगदी शेवटी. वर, शंका असेल तर प्रयोग करून दाखवतो, ही तयारी. घरच्या परिस्थितीबद्दल चकार शब्द नाही! मग व्हायचे तेच झाले. पुढची सतराएक वर्षे मिलानमध्येच काम करत बसावे लागले.

५. उणिवा : दोन वर्षे एमपीएससीत गेली असतील तर तसे लिहू नये, ‘फ्रीलान्स कन्सल्टंट’ म्हणावे. कशाचे, हे इंटरव्ह्यूत सुचेल. श्रीनिवास रामानुजन यांना हे भान नव्हते. १९१२ साली मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये कारकुनाच्या जागेसाठी अर्ज करताना त्यांनी सरळ लिहिले की मॅट्रिक झालो, एफ.ए.पर्यंत शिकलो, अडचणींमुळे पुढचे शिक्षण राहिले, तो वेळ गणितात घालवला. अशा कबुलीने दरमहा तीस रुपयांची कारकुनी तेवढी लागली. आपल्याला पॅकेज हवे आहे.

६. भाषा : ही एआयकडून करून घ्यावी. ‘आपल्या नामांकित संस्थेच्या प्रगतीत योगदान देण्यास मी अत्यंत उत्सुक आहे’ हे वाक्य बाकीच्या सगळ्या अर्जांतही असल्यामुळे आपण एकटे पडत नाही. चौकटी कंसातले ‘कंपनीचे नाव येथे लिहा’ तसेच राहिले तरी हरकत नाही. सूचना स्पष्ट आहे, कंपनीने लिहून घ्यावे. स्वतः लिहिणार असाल तर नाव पेस्ट करावे आणि फाँट जुळवू नये. साऱ्या मजकुरात तेवढेच दोन शब्द मोठे आणि निळसर दिसतात, त्यामुळे कंपनीला आपली ओळख चटकन पटते.

७. अटॅचमेंट : ‘रेझ्युमे फायनल नवीन २ दादाने तपासलेला’ असे फाइलचे नाव ठेवावे. पहिल्या मेलला फाइल जोडू नये. मग ‘सॉरी सर, अटॅचमेंट राहिली’ असा दुसरा मेल पाठवता येतो आणि पाठपुरावाही होतो.

यानंतर निवांत राहावे. काही आठवड्यांनी उत्तर येईल : ‘प्रिय उमेदवार, आपण दाखवलेल्या रसाबद्दल आभारी आहोत. आपला बायोडेटा भविष्यातील संधींसाठी जपून ठेवत आहोत.’ त्यात ना तुमचे नाव असेल, ना पदाचे. वाईट वाटून घेऊ नये. कंपनीनेही हाच लेख वाचलेला असतो.