न घासलेली बंदूक

जुन्या बंदुका जमवणाऱ्या माणसाबद्दल पाहुण्यांना दोनच शंका असतात. एक, हा तापट आहे का? दोन, बायकोला हे चालतं का? पहिलीचं उत्तर नाही असं आहे. दुसरीवर बायको स्वतःच बोलते आणि पाहुणे चहा न घेता उठतात.

अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार १८९८ पर्यंत बनलेली बंदूक ही पुराणवस्तू, बंदूक नव्हे. हा कायदा झाला १९६८ साली. स्प्रिंगफील्डचा सरकारी बंदूक कारखानाही त्याच वर्षी बंद झाला. माझ्याकडे आहे ती तिथलीच, १८१६ मॉडेलची, चकमकीची. लांबी दीड मीटरला थोडीशीच कमी, वजन साडेचार किलोच्या आसपास. ती कुठल्या भिंतीवर लावायची यावर घरात अजून वाटाघाटी चालू आहेत.

तिची रीत मोठी निवांत. आधी नळीत दारू आणि गोळी गजाने ठासायची. मग चाप ओढला की घोड्याच्या जबड्यातली गारगोटी पोलादी झाकणावर आपटते, झाकण उघडतं, ठिणग्या पितळी वाटीतल्या रंजकीवर, म्हणजे पेटवणीच्या दारूवर, पडतात आणि ती आग कानातून, म्हणजे बाजूच्या भोकातून, नळीत शिरते. शिरावी, अशी अपेक्षा. पुष्कळदा रंजक नुसतीच भुर्रकन जळते आणि गोळी आत बसून राहते. पाऊस पडत असेल तर भुर्रही नाही.

अशा बंदुका अमेरिकेने लाखांनी केल्या. सुरुवात १७९५ ला, तीही फ्रेंच बंदूक समोर ठेवून. पुढे एली व्हिटनी नावाच्या गृहस्थाने सरकारला सांगितलं की मी दहा हजार बंदुका दोन वर्षांत देतो. करार १७९८ चा, शेवटची बंदूक पोचली १८०९ मध्ये. मधल्या काळात, १८०१ साली, त्याने वॉशिंग्टनमध्ये बड्या मंडळींपुढे सुटे भाग मांडून, कुठलाही भाग कुठल्याही बंदुकीला बसतो असं करून दाखवलं. सगळे थक्क झाले. दीडशे वर्षांनी अभ्यासकांनी त्याच्या उरलेल्या बंदुका उघडल्या, तर भाग एकमेकांना बसेनात. मुदतवाढ मागताना असं प्रात्यक्षिक द्यायची कला आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात जिवंत आहे, म्हणून मला व्हिटनी फार जवळचा वाटतो.

संग्राहकाचा खरा शत्रू मात्र वेगळा आहे: सुधारणा. ज्याच्या ज्याच्या हाती ही बंदूक गेली त्याला ती सुधारायची होती. गारगोटीऐवजी स्फोटक टोपीने उडणारी बंदूक आली तशी सरकारने हजारो चकमकींचे जबडे उतरवले, वाट्या काढल्या, कान बुजवले. उरल्यासुरल्या बंदुका शेतकऱ्यांनी नळ्या कापून पाखरं मारायला घेतल्या. आता आम्हाला हवी असते ती, जिच्याकडे दीडपावणेदोनशे वर्षं कोणाचंही लक्ष गेलेलं नाही. अशा मूळ चकमकीला भाव जास्त. म्हणून काही हुशार कारागीर बदललेल्या बंदुकीला पुन्हा जबडा, झाकण आणि वाटी बसवून तिचा पूर्वजन्म परत आणतात.

पृष्ठभागावरचा काळपट तपकिरी थर हा तर आमचा देव. त्याला हात लावायचा नाही. आई सांगलीहून आली आणि बंदूक बघून म्हणाली, “अरे, एवढे डॉलर मोजून गंजकं लोखंड आणलंस? थांब, चिंच आहे का घरात?”

मी आडवा पडलो. घासली की किंमत निम्म्यावर येते, हे समजावलं.

“मग ते शिपाई घासत नव्हते?”

घासत होते. विटेच्या भुकटीने रोज घासत, इतके की छाप पुसले जात. लष्कराचंही एक ठरत नव्हतं. १८२२ पासून नळ्या तपकिरी ठेवा, १८३१ ला पुन्हा चकचकीत करा. माझी चकचकीत काळातली. म्हणजे लष्कराचा नियम आईच्या बाजूने होता आणि मी शिस्तभंग करणाऱ्यांच्या.

पुढच्या शनिवारी जुन्या शस्त्रांच्या विक्रीला आई माझ्याबरोबर आली. एक विक्रेता छातीवर हात ठेवून सांगत होता की ही मूळ चकमक, कोणी बोट लावलेलं नाही. मी भिंग आणि टॉर्च घेऊन कानाजवळचे खड्डे तपासत होतो. खड्डे बरे वाटले. आईने चष्मा वर सरकवला, वाटीवर नख फिरवलं आणि म्हणाली, “हे पितळ जुनं नाही. वरनं काळं केलंय. आणि इथे डाग दिलाय बघ, आपल्या तपेल्याला देतात तसा.”

विक्रेत्याने काय म्हणते म्हणून विचारलं. मी भाषांतर केलं. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि किंमत एकदम तीनशे डॉलरने उतरवली.

“अजून उतरेल,” आई म्हणाली. “त्याला म्हण, जरा चिंच लावून बघतो.”