शेवटची गाडी किती वाजता?

स्वतः नांदेडच्या पलीकडं क्वचितच जाणारा, पण तुमच्या प्रवासाची वही तुमच्याआधी भरून ठेवणारा माणूस तुमच्याही गल्लीत असणारच. आमच्या हिंगोलीत ते नाना. एसटीत कंट्रोलर होते. निवृत्त झाले ते कागदोपत्री. कुणी औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला निघालं की नाना देवाचं विचारत नाहीत. ‘शेवटची गाडी किती वाजता?’ हा पहिला सवाल. नर्सीला जा नाहीतर रामलीला मैदानावर दसरा बघायला जा, नाना प्रत्येक सहल शेवटाकडून आखत येतात.

माझा धाकटा भाऊ जूनमध्ये कंपनीच्या कामानं स्टॉकहोमला निघाला, सोबत भावजय. बॅगा भरायच्या आधी नाना दोनशेपानी वही घेऊन हजर.

‘चौदा बेटांवर वसलंय गाव. सगळा कारभार पुलांवर. पूर आला का रस्ता बंद, कयाधूचा अनुभव आहे आपल्याला.’

मग वासा जहाज. 10 ऑगस्ट 1628 ला पहिल्याच फेरीला निघालं, जेमतेम 1300 मीटर गेलं आणि बुडालं. 1961 मध्ये वर काढलं, आता त्याचं संग्रहालय आहे. नानांना इतिहासाचं कौतुक नाही, राग आहे. ‘वर तोफा फार, बुडाला वजन कमी. बंदरातच तीस माणसं या कडेहून त्या कडेला पळवून बघितली. जहाज डुलाया लागलं म्हणून थांबवलं. अन् तरी गाडी सोडली! मी असतो तर मेमोच दिला असता.’

जुन्या गावात मोर्टेन ट्रोट्सिग नावाचा बोळ आहे, सर्वांत अरुंद जागी 90 सेंटिमीटर. त्यासाठी नानांनी घरी कपाट भिंतीपासून तेवढंच सरकवून काकूंना मधून चालवलं होतं. काकू पार झाल्या, हातातला डबा अडकला. वहीत नोंद : ‘बोळात डबा नेऊ नये.’

बसमध्ये रोख पैसे चालत नाहीत, कंडक्टर नाही, हे ऐकून ते खचले. ‘मग सुट्ट्यावरून भांडायचं कुणाशी?’ खरा धक्का पुढंच होता. शुक्रवारी-शनिवारी तिथली मेट्रो रात्रभर चालते. भावानं हे सांगितलं तेव्हा नानांनी पेनाचं टोपण लावलं. ‘म्हंजे शेवटची गाडीच न्हाई? काहून? मग माणसं घरी कव्हा जातात?’ अंधार पडायच्या आत परत या, हेही म्हणता येईना. जूनमध्ये तिथं सूर्य मावळायला दहा वाजून जातात. नानांच्या आयुष्यभराच्या शास्त्राची अशी विटंबना कुणी केली नव्हती.

तरी त्यांनी वेळापत्रक केलंच. त्यात तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला एक नाव होतं, किस्ता. ना राजवाडा, ना संग्रहालय. मोबाईलच्या कंपन्यांचं उपनगर.

‘तिथं बघण्यासारखं काय आहे, नाना?’

‘काय न्हाई. ब्लू लाईनवर आहे. गाड्या चांगल्या आहेत.’ आणि पिशवीतून वसमतची हळद निघाली, किलोभर, पुडीवर पुडी बांधलेली. नानांचा मुलगा दोन वर्षांसाठी म्हणून किस्त्याला गेला, त्याला आता बरीच वर्षं झाली. नंतर कळलं, स्वीडनला निघालेल्या ज्याच्या-त्याच्या वहीत नाना किस्ता घालतात. त्या पोराच्या घरी हळदीचं गोदाम झालं असणार.

एका शुक्रवारी भाऊ-भावजय रात्री अकरापर्यंत हिंडत होते. फोन वाजला. आपल्याकडं तेव्हा अडीच वाजले होते. ‘पोचलात का रूमवर?’ भाऊ वैतागला, मीही ऐकून वैतागलो. या माणसाला झोप नाही का? काकू म्हणाल्या, नाही. गावातलं कुणीही बाहेर असलं, की ते पोचल्याचं कळेपर्यंत नाना आडवे होत नाहीत. स्टँडवरची शेवटची गाडी आत आल्याशिवाय त्यांनी कधी रजिस्टर मिटलं नव्हतं म्हणे.

मुलगा दर उन्हाळ्यात बोलावतो. नानांचा पासपोर्ट तयार आहे, कोरा करकरीत. परवा मी विचारलंच, तुम्ही कधी जाताय?

‘जातो की. त्याला फकस्त एकडाव विचार, त्याची परतीची गाडी कव्हाची. ती कळली की माझं तिकीट काढतो.’