संपाची रंगीत तालीम

मी पेणला राहतो आणि पोटासाठी रोज दिवा–रोहा मेमूने रोह्याला जातो. मधे कासू, नागोठणे, निडी. तेवढ्यात माझी एक डुलकी नेमकी बसते. १ मे २०२४ पासून जुन्या पेन्शनसाठी रेल्वे कामगारांचा बेमुदत संप, अशी बातमी आली तेव्हा मला पहिली काळजी डुलकीचीच वाटली.

"पण १ मेला तुम्हाला सुट्टीच असते ना?" बायको म्हणाली.

"बेमुदत आहे गं. २ मेचं काय?"

म्हणून एप्रिलातच एसटीने जायची तालीम घेतली. तसं पाहता १९७४च्या मेमध्ये जॉर्ज फर्नांडिसांनी संप करून देशातल्या गाड्या वीस दिवस अडवल्या, तेव्हा पेण–रोह्यात कुणाचाच खोळंबा झाला नव्हता. रेल्वे रोह्याला पोचली ती १९८६ साली! पुढे हेच फर्नांडिस रेल्वेमंत्री झाले आणि त्यांनी कोकण रेल्वे मार्गी लावली. ती सुरू होते रोह्यापासूनच.

तर, एसटी. माझ्या मांडीवर साहेबांनी मागवलेले शंभर पोह्याचे पापड. वडखळला गाडी उभी राहणं आलंच. महामार्गाचं पळस्पे–इंदापूर चौपदरीकरण २०११ पासून चालू होतं, त्यामुळे खड्डे तोवर वयात आले होते. पहिल्या खड्ड्यात पापडांनी नुसता 'कट्' असा आवाज केला. मी पिशवी उचलून छातीशी धरली. दुसऱ्या खड्ड्यात शेजारचे आजोबा पिशवीवर आले. नागोठण्याला एक मावशी माशांची पाटी घेऊन चढल्या, "दादा, जरा सरका" म्हणाल्या आणि मी सरकलो तो थेट पापडांवर. भिसे खिंडीतून दरी छान दिसते म्हणतात. मी डोळे मिटून पापड मोजत होतो. रोह्याला उतरलो तेव्हा मेमूवाल्यांचा दुसरा चहा चालला होता. साहेबांनी पिशवीत डोकावून विचारलं, "रांगोळी आणलीत का?"

संध्याकाळी मुकाट्याने मेमूनेच परत आलो. पेणच्या फलाटाच्या टोकाला एक गँगमन घण बाजूला ठेवून बसला होता. एप्रिलचं ऊन दिवसभर रुळांवर चालत अंगावर घेतलेलं. शर्ट मिठाने पांढरा पडला होता. सकाळपासूनचा राग मी त्याच्यावर काढायच्या बेतात होतो.

"संप करणार म्हणे तुम्ही?"

"मी २००६चा," तो म्हणाला. २००४च्या आधी लागले त्यांना जुनी पेन्शन, नंतरच्यांना नाही. जास्त काही बोलला नाही. पाण्याची बाटली मात्र पुढे केली.

मला एकदम लाज वाटली. माझ्या डुलकीखालचे रूळ हा माणूस तपासतो, आणि मी पापडांचं रडगाणं घेऊन उभा.

पुढे संप लांबणीवर पडला. त्या संध्याकाळी मात्र तो पिशवीकडे बघत म्हणाला, "काय आहे?"

"पापड. होते."

त्याने चिमूटभर चुरा तोंडात टाकला. "कांदा घाला, मस्त लागेल."

अर्धी पिशवी त्यालाच दिली.