स्त्रीवादाचे परीक्षक

आचारसंहिता लागली की आमच्या तालुक्याच्या गावी दोन गोष्टी बाहेर पडतात: कचेरीतून भरारी पथक आणि गुरुजींच्या ट्रंकेतून लाल कापडी बांधणीची वही. पथक गाड्या तपासतं, गुरुजी उमेदवार तपासतात. विषय एकच, स्त्रीवाद. गुण शंभर, पास व्हायला पस्तीस. गुरुजी निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण नापास करायची सवय सुटलेली नाही.

एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात सकाळी आठला मंडळ बसतं. परीक्षक गुरुजी, नियामक आम्ही दहाजण, सगळे पुरुष. एकदा पोस्टातल्या बाई चहाला आत आल्या. आम्ही अकराहीजण त्यांना एकदम स्त्रीवाद समजावून सांगू लागलो. बाईंनी चहा पार्सल नेला.

तपासणी कडक. सावित्रीबाईंच्या तसबिरीला हार घातला, दोन गुण. घालताना कॅमेऱ्याकडं पाहिलं, एक वजा. भाषण ‘माझ्या तमाम माता-भगिनींनो’नं सुरू केलं, शून्य. ‘नातं न जोडता बाईला हाक मारता येते, हे यांच्यातल्या एकालाही अजून सापडलेलं नाही,’ असं त्यावर गुरुजी म्हणतात. साडीवाटप केलं तर सरळ वजा दहा.

एका उमेदवारानं हळदीकुंकवात ठेवलेल्या ‘खेळ पैठणीचा’ यावर तीन दिवस वाद चालला. हॉटेलमालकाचं म्हणणं, पैठणीच्या निमित्तानं का होईना, बाई घराबाहेर पडते. गुरुजींनी चष्मा काढला. ‘हळदीकुंकवाला विधवांना बोलावलं होतं? शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं 2022 साली विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. आणि हा गडी अजून वाणात प्लास्टिकचे डबे वाटतोय!’ डब्यांसकट उमेदवार नापास.

2024 च्या विधानसभेला पेपर सोपा आला. ‘लाडकी बहीण’चे 1500 रुपये सुरू होते. महायुती म्हणाली 2100 करू, महाविकास आघाडी म्हणाली 3000 देऊ. कोण जास्त स्त्रीवादी, या प्रश्नाचं उत्तर प्रथमच वजाबाकी करून निघालं: नऊशे रुपयांनी. गुरुजींनी ग्रेस मार्क कुणालाच दिले नाहीत. ‘पैसे राहू द्या, तिकिटं किती दिलीत?’ निकालानंतर त्यांनी वहीत लिहिलं, आमदार 288, पैकी महिला 21. खाली लाल शाईत शेरा: ‘प्रगती असमाधानकारक. पालकांनी भेटावे.’

पालिकेला वेगळीच अडचण. तिथं निम्म्या जागा महिलांना राखीव, म्हणजे बाई उभी असतेच. पण फ्लेक्सवर ‘सौ.’ टपाल तिकिटाएवढ्या आणि पतिराज गुडघ्यापर्यंत. प्रश्न विचारला बाईंना की घसा खाकरणार ते. ‘हा डमी परीक्षार्थी!’ गुरुजी गरजले आणि पूर्ण वॉर्डाचा निकाल राखून ठेवला.

गुरुजींकडून पैकीच्या पैकी गुण फक्त एका सालाला मिळालेत. ‘1994! महाराष्ट्रानं महिला धोरण आणलं. त्याच वर्षी कायदा करून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीनं बसवलं. दिल्लीला तेवढं सुचायला 2005 उजाडलं!’ हे वाक्य आम्हाला तोंडपाठ आहे.

यंदा भाऊबीजेला गुरुजींच्या थोरल्या बहिणीनं, आक्कांनी, ते प्रथमच ऐकलं. आम्ही फराळाला जमलो होतो. आक्का चकली मोडत म्हणाल्या, ‘कायदा एवढा चांगला होता, तर आम्हा तिघींच्या हक्कसोडपत्रावर सह्या कशाला घेतल्यास रे?’

गुरुजींचा लाडू हातातच राहिला. ‘तुम्ही राजीखुशीनं दिल्यात, आक्का.’

‘राजी आम्ही होतो. खुशी तुझी होती.’

कुणी बोलेना. आक्काच पुढं म्हणाल्या, ‘साड्या मात्र झकास घेतल्या होत्यास हो. माझी अजून टिकून आहे.’

तीन साड्या, प्रत्येकी वजा दहा. आम्ही दहाहीजणांनी मनातल्या मनात हिशेब केला आणि एकमेकांकडं बघायचं टाळलं, कारण आमच्यापैकी बहुतेकांच्या कपाटात तसलाच एकेक स्टँपपेपर आहे.

आक्कांनी वही मागून घेतली, चाळली आणि पट्टीनं आखून एक रकाना वाढवला: ‘बहिणीला वाटा दिला का?’ आता दारी आलेल्या प्रत्येक उमेदवाराला गुरुजींना हा प्रश्न विचारावा लागतो. उमेदवार हसतो, पत्रक देतो आणि पुढच्या घराकडं वळतो. रकान्यात खालपर्यंत फुल्या आहेत. सगळ्यांत वर आक्कांच्या अक्षरात गुरुजींचं स्वतःचं नाव आणि शेरा: ‘फेरपरीक्षेस पात्र.’

सातबाऱ्यावर मात्र अजून एकट्या गुरुजींचंच नाव आहे.